ट्रे आमचा, लेबल दुसऱ्याचे: सरकारी उपक्रमांना थेट पुरवठा कसा सुरू करावा?

प्रश्न: रबाळे_पत्राकाम (नवी मुंबई)

सर्वांना नमस्कार. रबाळे एमआयडीसीत माझा पत्राकामाचा छोटा कारखाना आहे. केबल ट्रे (विजेच्या तारा ज्यांवर ठेवतात ते पत्र्याचे ट्रे), जंक्शन बॉक्स आणि पॅनेलची रिकामी कपाटे एवढीच आमची उत्पादने आहेत. एक शिअरिंग मशीन, दोन प्रेस ब्रेक, वेल्डिंगचे तीन सेट आणि अकरा माणसे असा पसारा आहे. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर होते. तो बंद पडल्यावर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी भाड्याचा गाळा घेतला आणि तोच गाळा आज मी चालवतो. आम्ही बौद्ध आहोत, अनुसूचित जातीचा दाखला आहे आणि लघुउद्योगाची उद्यम नोंदणीही आहे.

गेली सात वर्षे आमचे ट्रे एका केंद्रीय उपक्रमात जात आहेत, पण आमच्या नावाने नाही. मध्ये एक कंत्राटदार आहे. मागच्या खेपेस दोनशेसोळा ट्रे तयार होते. उपक्रमाचे निरीक्षक आमच्याच गाळ्यात आले, त्यांनी व्हर्नियर लावून पत्र्याची जाडी पाहिली, जस्ताच्या थराची जाडी मायक्रॉन मीटरने प्रत्येक नमुन्यावर पाच ठिकाणी मोजली, भोकांमधले अंतर तपासले आणि माल मंजूर केला. ते गेल्यावर कंत्राटदाराच्या माणसाने पिशवीतून लेबलांची गुंडाळी काढली आणि माझ्या पुतण्याने ती लेबले एकेका ट्रेवर चिकटवली. त्या लेबलांवर कंत्राटदाराच्या कंपनीचे नाव होते.

यंदा त्याच प्रकारच्या ट्रेसाठी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर सुमारे २२ लाखांची बोली निघाली, तेव्हा मी प्रथमच स्वतः भाग घेतला. तांत्रिक छाननीतच आम्ही बाद झालो. कारण दिले होते ते असे की सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमांना पुरवठा केल्याचा तीन वर्षांचा अनुभव सिद्ध होत नाही. जो माल सात वर्षे त्यांच्याच तारांखाली आहे, त्याचा अनुभव आमच्या नावावर नाही, हे मला अजून पचलेले नाही.

अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी सरकारी खरेदीत ४ टक्के वाटा आहे असे ऐकतो. तो प्रत्यक्षात कुणाला आणि कसा मिळतो? अनुभवाच्या अटीतून खरोखर सूट आहे का? आणि मी थेट बोली लावू लागलो तर कंत्राटदारासाठीचे आजचे जॉबवर्कही हातचे जाईल, ही भीती कितपत खरी मानावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

उत्तर १: निवृत्त_खरेदी_विभाग (ठाणे)

मी एका सार्वजनिक उपक्रमाच्या खरेदी विभागात एकतीस वर्षे काढली आहेत. जे लिहितो आहे ते टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेले आहे.

आधी कायदा पाहू. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा २००६ च्या आधारे केंद्राने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचा आदेश काढला आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू झाला. केंद्रीय मंत्रालये, विभाग आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षभराच्या खरेदीतला किमान २० टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे त्यात म्हटले होते. २०१८ च्या दुरुस्तीने तो २५ टक्के झाला. या २५ टक्क्यांच्या आत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के राखले आहेत. लक्षात घ्या, हा वाटा वर्षाच्या एकूण खरेदीवर मोजला जातो, प्रत्येक निविदेत तो वेगळा काढून ठेवलेला नसतो. त्यामुळे एखाद्या बोलीत ‘माझे ४ टक्के कुठे आहेत’ असे विचारून उत्तर मिळत नाही.

प्रत्यक्ष बोलीत हाती येणारे फायदे वेगळे आहेत. निविदेची कागदपत्रे विनामूल्य मिळतात आणि बयाणा रक्कम, म्हणजे बोलीसोबत ठेवायची अनामत, भरावी लागत नाही. सर्वांत कमी दर मोठ्या उद्योगाचा असेल आणि तुमचा दर त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर त्या कमी दराला यायची संधी तुम्हाला दिली जाते आणि तुम्ही आलात तर २५ टक्क्यांपर्यंत पुरवठा तुमच्याकडे येऊ शकतो. १५ टक्के जास्त दराने माल विकता येतो, असा गैरसमज मी अनेक कारखानदारांच्या तोंडून ऐकला आहे. माल त्या कमी दरानेच द्यावा लागतो, तेव्हा हिशेब आधी करून ठेवावा. हा फायदा उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. म्हणजे तुम्ही स्वतः पत्रा कापता आणि वाकवता, हे तुमचे बळ आहे आणि तुमच्या कंत्राटदाराकडे ते नाही.

आता अनुभवाची अट. सूक्ष्म व लघु उद्योगांना पूर्वीची उलाढाल आणि पूर्वानुभव या अटी शिथिल करता येतील, असे केंद्राने २०१६ मध्ये कळवले. मात्र गुणवत्ता आणि तांत्रिक निकष पूर्ण झाले पाहिजेत, आणि सार्वजनिक सुरक्षितता, आरोग्य किंवा संरक्षणदृष्ट्या नाजूक खरेदीत सूट नाकारता येते. ‘शिथिल करता येतील’ या शब्दांतच सगळी गोम आहे, कारण निर्णय खरेदीदारावर सोडलेला आहे. जेमवरच्या बोलीच्या कागदात अनुभव आणि उलाढाल यांतून सूक्ष्म-लघु उद्योगांना सूट आहे की नाही, अशी स्पष्ट ओळ असते आणि तिच्यापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलेले असते. तुमच्या बोलीत तिथे काय होते ते आधी पाहा. ‘हो’ असूनही तुम्हाला बाद केले असेल, तर तो सरळ अन्याय आहे. ‘नाही’ असेल, तर लढाई बोली भरण्यापूर्वीच द्यायला हवी होती.

हे ‘नाही’ तिथे कसे येते ते सांगतो, कारण त्यात बहुतेक वेळा कुणाचा द्वेष नसतो आणि म्हणूनच ते हलत नाही. नवीन बोली काढताना आम्ही मागच्या वर्षीची फाइल उघडायचो, प्रमाण आणि तारीख बदलायचो आणि अटी तशाच पुढे जायच्या. अट शिथिल केली आणि पुरवठादार फसला, तर लेखापरीक्षणात सही करणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. अट तशीच ठेवून एखादा सक्षम कारखाना बाहेर राहिला, तर त्याची नोंद कुठल्याच फाइलवर होत नाही. मीही अशा सह्या केल्या आहेत, आणि आज तुमचा प्रश्न वाचताना त्या आठवतात.

त्यात भर म्हणजे २०१२ च्या आदेशातच असे म्हटले आहे की अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत आले नाहीत किंवा अटी आणि दर यांत बसले नाहीत, तर तो ४ टक्क्यांचा वाटा इतर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून भरून काढावा. पात्रतेच्या अटीवर तुम्ही गळालात की तुमच्या नावची जागाही निघून जाते. २५ टक्क्यांचे लक्ष्य पुष्कळ उपक्रम गाठतात, पण ४ टक्क्यांच्या उपलक्ष्याचे आकडे वर्षानुवर्षे बरेच खाली राहिले, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे असे माझे मत आहे.

तेव्हा पुढच्या बोलीत असे करावे. बोली प्रसिद्ध होताच ती सूटीची ओळ वाचावी. ‘नाही’ असेल तर हरकत घेण्याची मुदत उलटण्याआधी पोर्टलवरूनच लेखी विचारणा करावी. विनवणीचा सूर नको. २०१२ चा आदेश, २०१६ ची सवलत आणि सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला पारदर्शकतेविषयीचा नियम १७३ यांचा उल्लेख करून, केबल ट्रेच्या खरेदीत सूट का दिलेली नाही याचे कारण विचारावे. सोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे चाचणी अहवाल जोडावेत आणि पहिल्या खेपेची तपासणी कारखान्यात करून घेण्याची तयारी दाखवावी. अधिकाऱ्याला फाइलवर आधार मिळाला की त्याचा हात मोकळा होतो. तांत्रिक छाननीत बाद झाल्यास पोर्टलवर म्हणणे मांडायला दोनच दिवस मिळतात, म्हणून त्या काळात ईमेल आणि मोबाइलवरचे संदेश सकाळ-संध्याकाळ पाहावेत.

आणि एक गोष्ट तुमच्याच लिखाणात दडलेली आहे. निरीक्षक तुमच्या गाळ्यात आले होते. अशा तपासणीनंतर जे पत्र निघते त्यावर तपासणीचे ठिकाण आणि पुष्कळदा उत्पादकाचे नावही लिहिलेले असते. सात वर्षांची ती पत्रे तुमच्याकडे किंवा कंत्राटदाराकडे असतील. ती गोळा करा. लेबल कुणाचेही असो, माल कुठे घडला याची नोंद त्या उपक्रमाच्या स्वतःच्या कागदावर आहे.

---

उत्तर २: वागळे_इस्टेट_शिलाई (ठाणे)

काकांनी दार कसे उघडायचे ते सांगितले आहे. मी आत शिरल्यावर काय होते ते लिहिते, कारण गणवेश आणि ॲप्रन शिवण्याचे माझे युनिट पहिली सरकारी ऑर्डर मिळाल्यावरच बुडता बुडता वाचले.

दादा, बयाणा रक्कम माफ आहे, पण कामगिरीची अनामत माफ नाही. ऑर्डर मिळाली की ठरावीक टक्के रक्कम किंवा तेवढी बँक गॅरंटी द्यावी लागते आणि बँक त्यासाठी मुदत ठेव मागते. म्हणजे कापड घ्यायचे पैसे हवे असतात नेमके तेव्हाच हातातले पैसे अडकतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हबच्या योजनांत बँक गॅरंटीच्या शुल्काची आणि मालाच्या चाचणी शुल्काची काही प्रमाणात भरपाई मिळते. हा हब राष्ट्रीय लघुउद्योग निगमामार्फत चालतो. यंत्रसामग्रीसाठी २५ टक्के भांडवली अनुदानाची योजनाही तिथेच आहे. आणखी एक प्रेस ब्रेक घ्यायचा विचार असेल तेव्हा तिची चौकशी जरूर करावी.

माझा माल एका कार्यालयाने मार्चमध्ये स्वीकारला आणि पैसे सप्टेंबरच्या शेवटी आले. त्या सहा महिन्यांत मी दोन ओव्हरलॉक मशीनचे हप्ते थकवले आणि सात बायकांचा पगार दोन तुकड्यांत दिला. कायद्याने माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते. २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल सुरू झाल्यापासून अशी तक्रार घरबसल्या नोंदवता येते आणि ती अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या आपल्या विभागाच्या सुलभीकरण परिषदेपुढे जाते. कळल्यावरही मी तक्रार केली नाही, कारण पुढच्या ऑर्डरची आशा होती. आज असे वाटते की व्याज मागायचे नसेल तर मागू नये, पण ४५ दिवस उलटताच कलम १५ आणि १६ चा उल्लेख करून एक साधे, नम्र स्मरणपत्र पाठवावे. दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी मी तसे पत्र पाठवले आणि तीन आठवड्यांत पैसे जमा झाले.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सावध करते. आपल्या नावावर नोंदणी आहे आणि दाखला आहे हे कळले की काही लोक घरी येतात. माझ्याकडेही एक मोठे कंत्राटदार आले होते. कंपनी माझ्या नावाने काढायची, ५१ टक्के भागीदारी कागदावर माझी, भांडवल आणि काम त्यांचे आणि मला दरमहा ठरावीक रक्कम, असा त्यांचा प्रस्ताव होता. घरातही चर्चा झाली, कारण रक्कम लहान नव्हती. मी नकार दिला. भागीदारीत किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा आपल्या प्रवर्गातल्या व्यक्तींकडे असावा, असा नियम केला तो कारखाना आणि निर्णय आपल्या हातात राहावेत म्हणून. आपले नाव भाड्याने दिले तर आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाची तरी ऑर्डर आपण विकलेली असते, आणि उद्या चौकशी झाली तर सहीसुद्धा आपलीच असते.

हाच ५१ टक्क्यांचा नियम प्रामाणिक माणसालाही अडवू शकतो. तुमचा कारखाना भागीदारीत असेल आणि निम्मा हिस्सा वेगळ्या प्रवर्गातल्या मित्राचा असेल, तर पन्नास टक्क्यांवर तो अनुसूचित जातीच्या उद्योजकाचा धरला जाणार नाही. कागद एकदा सीएकडून तपासून घ्या.

---

उत्तर ३: कौसा_बॅग_कारखाना (मुंब्रा)

सलाम. प्रश्न रबाळ्याच्या दादांचा असला तरी त्यात माझा एक प्रश्न जोडतो. मी शाळेच्या आणि लॅपटॉपच्या बॅगा बनवतो. आम्ही मुस्लिम आहोत आणि आमच्या गल्लीत असे तीसेक छोटे कारखाने असतील. आमच्यासाठी वेगळा वाटा आहे का? आणि महापालिका शाळांच्या बॅगा खरेदी करते तिथे हे केंद्राचे नियम चालतात का? मागे एकदा मी निविदेचा कागद वाचला, तर त्यात एवढ्या मोठ्या उलाढालीची अट होती की आमची अख्खी गल्ली एकत्र आली तरी ती पूर्ण झाली नसती.

---

उत्तर ४: निवृत्त_खरेदी_विभाग (ठाणे)

भाई, केंद्राच्या २०१२ च्या आदेशात धार्मिक अल्पसंख्याकांसाठी वेगळे उपलक्ष्य नाही. २५ टक्क्यांच्या सर्वसाधारण वाट्यात मात्र तुम्ही पूर्ण हक्काने येता. बयाणा माफी, १५ टक्क्यांची संधी आणि अनुभवाची सवलत यांपैकी कशालाही जात किंवा धर्म विचारला जात नाही, उद्यम नोंदणी आणि स्वतःचे उत्पादन एवढे पुरते. कर्नाटकने २०२५ मध्ये कंत्राटांत मुस्लिमांच्या प्रवर्गासाठी ४ टक्के राखण्याचे विधेयक संमत केले, पण राज्यपालांनी ते राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवले. अनुसूचित जाती-जमातींसाठी ठरावीक रकमेपर्यंतच्या बांधकामांत आरक्षण मात्र त्या राज्यात आधीपासून आहे.

महापालिकेला केंद्राचा आदेश लागू नाही. राज्य सरकारच्या विभागांसाठी १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेली खरेदीची नियमपुस्तिका आहे आणि निविदा महाटेंडर्स संकेतस्थळावर निघतात. महापालिकेच्या निविदेतली अट मालाच्या किमतीच्या मानाने अवाजवी वाटली, तर बोलीपूर्व बैठकीत किंवा त्याआधी लेखी हरकत घ्यावी. तिथे तोंडी बोललेले कुठेच राहत नाही, लेखी दिलेल्या हरकतीला मात्र उत्तर द्यावे लागते. तीस कारखान्यांपैकी दहांनी सहकारी संस्था किंवा भागीदारी करून एका नावाने उतरावे, असे मी सुचवेन, कारण उलाढाल एकत्र दाखवण्याचा तो सरळ मार्ग आहे. मात्र नव्या संस्थेची उलाढाल शून्यापासून सुरू होते, म्हणून आजच्या निविदेसाठी नव्हे तर दोन वर्षांनंतरच्या निविदेसाठी हे पाऊल आताच टाकावे लागेल.

---

उत्तर ५: ऐरोली_विधी_अभ्यास (नवी मुंबई)

मी कायद्याची विद्यार्थिनी आहे आणि कारखानदारीतले मला फारसे कळत नाही, पण काकांनी ‘नोंद होत नाही’ असे जे लिहिले त्यावरून अमेरिकेतला एक खटला सांगावासा वाटतो.

व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहराची सुमारे निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत शहराने दिलेल्या मुख्य बांधकाम कंत्राटांपैकी अल्पसंख्याकांच्या उद्योगांना मिळालेला वाटा होता केवळ ०.६७ टक्के. म्हणून १९८३ मध्ये शहराने नियम केला की मुख्य कंत्राटदाराने कंत्राटाच्या किमतीचा किमान ३० टक्के भाग अल्पसंख्याकांच्या मालकीच्या उद्योगांना उपकंत्राट म्हणून द्यावा. एका कंपनीने याला आव्हान दिले आणि १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. लोकसंख्या आणि कंत्राटे यांतली तफावत न्यायालयाला पुरेशी वाटली नाही. काम करण्यास पात्र असलेले अल्पसंख्याक उद्योग शहरात किती आहेत आणि त्यांतल्या कितींना डावलले गेले, हे शहराने मोजलेलेच नव्हते. त्या निकालानंतर अमेरिकेतली अनेक शहरे आणि राज्ये असे नियम करण्यापूर्वी ही तफावत मोजणारा अभ्यास करून घेऊ लागली.

आपले संविधान वेगळे आहे. अनुच्छेद ४६ राज्यावर अनुसूचित जाती-जमातींचे आर्थिक हितसंबंध विशेष काळजीपूर्वक जपण्याची जबाबदारी टाकते, त्यामुळे असा वाटा मुळात वैध आहे की नाही हा वाद आपल्याकडे त्या स्वरूपात उभा राहत नाही. मोजणीचा प्रश्न मात्र तोच आहे. तुम्ही बोलीत आलात, माल घडवण्याची तुमची क्षमता आहे आणि तरी तुम्ही बाद झालात, ही घटना आज कुठल्या आकड्यात दिसते? ‘संबंध’ पोर्टलवर केंद्रीय उपक्रमांनी कुणाकडून किती खरेदी केली ते दिसते. बोलीत आलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या किती उद्योगांना पात्रतेच्या अटीवर बाद केले गेले, हे मात्र तिथून कळत नाही.

माहितीच्या अधिकारात हाच एक प्रश्न विचारता येईल: गेल्या तीन आर्थिक वर्षांत या उपक्रमाच्या खरेदी बोलींमध्ये असे किती उद्योग आले, त्यांपैकी किती तांत्रिक छाननीत बाद झाले, आणि कितींच्या बाबतीत कारण अनुभव किंवा उलाढाल हे होते? अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. शिवाय २०१२ च्या आदेशाप्रमाणे उपक्रमांनी वार्षिक खरेदी आराखडा संकेतस्थळावर ठेवायचा असतो आणि लक्ष्य किती गाठले ते वार्षिक अहवालात सांगायचे असते. ही दोन कागदपत्रे अर्ज न करताही वाचता येतील.

---

उत्तर ६: निवृत्त_खरेदी_विभाग (ठाणे)

ताईंनी खरेदी आराखड्याचा उल्लेख केला ते फार बरे झाले, कारण माझ्याकडून एक मुद्दा राहिला होता. बोलीचा विषय नुसता ‘केबल ट्रेचा पुरवठा’ आहे की ‘ट्रे पुरवणे, बसवणे व तारा टाकणे’ आहे, हे नीट पाहावे. दुसऱ्या प्रकारात ती खरेदी कामाचे कंत्राट ठरते आणि कामांच्या कंत्राटांना २०१२ चा आदेश लागू होत नाही. मोठ्या विद्युतीकरणाच्या कामात ट्रे गुंडाळला गेला की उत्पादक म्हणून तुमचा हक्क तिथेच संपतो आणि तुम्ही पुन्हा जॉबवर्कवर येता. म्हणून देखभालीसाठी होणाऱ्या सुट्या खरेद्यांवर लक्ष ठेवावे. त्या रकमेने लहान असतात आणि मोठे कंत्राटदार तिकडे फारसे फिरकत नाहीत. चार-पाच लाखांच्या दोन ऑर्डर तुमच्या स्वतःच्या नावाने पूर्ण झाल्या, की तिसऱ्या बोलीत अनुभवाच्या रकान्यात लिहायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

जॉबवर्क जाण्याची भीती खरी आहे आणि ती मी हलकी करणार नाही. कंत्राटदाराला पहिल्यांदा कळेल ते पोर्टलवरून कळू नये, तुम्हीच जाऊन सांगावे. त्याच्या कामाच्या बोलीत तुम्ही उतरणार नाही, सुट्या खरेदीत उतरणार आहात, असे स्पष्ट बोलणे झाले तर बहुतेक जण समजून घेतात, कारण तयार आणि तपासणीत पास होणारा कारखाना त्यांनाही सहज मिळत नाही.

आणि दाखल्याबद्दल. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीनंतर केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, पण दाखला केंद्राच्या नमुन्यातला असेल तर पडताळणीत अडत नाही. राज्याच्या नमुन्यातला असल्यास प्रांत कार्यालयातून केंद्राच्या नमुन्यातला आताच काढून ठेवावा, बोलीच्या आदल्या दिवशी नव्हे.

---

प्रश्नकर्त्याकडून: रबाळे_पत्राकाम (नवी मुंबई)

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस कागद उपसत होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

काकांनी सांगितलेली ओळ पाहिली. माझ्या त्या बोलीत सूट ‘नाही’ अशीच होती आणि मी ती न वाचताच बोली भरली होती. म्हणणे मांडण्याचे दोन दिवसही कधीच उलटून गेले, तेव्हा त्या बोलीचा विषय मी सोडून देतो.

दुसरी गोष्ट लिहिताना वाईट वाटते. वागळे इस्टेटच्या ताईंनी कागद तपासायला सांगितले म्हणून उद्यम प्रमाणपत्र काढले, तर त्यात सामाजिक प्रवर्गापुढे ‘सर्वसाधारण’ लिहिलेले आहे. २०२० मध्ये जुनी नोंदणी बदलून उद्यम घ्यावी लागली, तेव्हा नाक्यावरच्या एका एजंटाने पाचशे रुपये घेऊन ती भरून दिली होती. नोंदणी विनामूल्य आहे हेही मला आताच कळले. म्हणजे ऐरोलीच्या ताई म्हणतात त्या मोजणीत मी इतकी वर्षे होतोच कुठे? मला ऑर्डर मिळाली असती तरी ती ४ टक्क्यांत धरली गेली नसती. काल रात्री भावासोबत बसून आधारच्या ओटीपीवर ती नोंद दुरुस्त केली. आमच्या शेजारच्या चार गाळ्यांत आपल्याच समाजाचे कारखानदार आहेत. त्यांचीही प्रमाणपत्रे पाहिली, तर दोघांची तशीच चुकलेली निघाली. एकाच्या बाबतीत भागीदारी नेमकी पन्नास-पन्नास आहे, त्यांना सीएकडे पाठवले आहे.

तपासणीची पत्रे मिळाली. कंत्राटदाराला मी स्वतः जाऊन भेटलो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की मोठ्या कामात आड येऊ नकोस, बाकी तुझे तू पाहा. त्यांच्याकडून आणि माझ्या फायलींतून मिळून एकतीस पत्रे जमली. त्यांपैकी एकोणीस पत्रांवर तपासणीचे ठिकाण म्हणून आमच्या गाळ्याचा पत्ता आहे आणि आठ पत्रांवर उत्पादक म्हणून वडिलांनी ठेवलेले कारखान्याचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. सगळ्यात जुने पत्र वडील असतानाचे आहे आणि त्यावर निरीक्षकांच्या सहीशेजारी त्यांची सही आहे.

सध्या जंक्शन बॉक्सच्या सुट्या खरेदीची एक बोली निघालेली आहे, साधारण साडेचार लाखांची. तिच्यातही सूटीपुढे ‘नाही’ आहे. हरकतीची मुदत अजून दोन दिवस आहे. विचारणेचा मसुदा लिहायला घेतला आहे, उद्या सकाळी इथे टाकतो. काकांनी त्यावर एकदा नजर फिरवावी आणि आठ पत्रे सोबत जोडावीत की एकोणीसही, तेवढे सांगावे.